घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणि फोटो स्कॅन करायचेत, सुरुवात कुठून करू?

पारिजातक:
घरात जुन्या फोटोंचा आणि निगेटिव्हचा मोठा साठा आहे आणि आता तो सगळा डिजिटल करायचं मनावर घेतलंय, पण जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय म्हणून इथे विचारते. आधी काय काय आहे ते सांगते. ३५ एमएमच्या पट्ट्या भरपूर आहेत, बहुतेक रंगीत, थोड्या कृष्णधवल, काही लॅबच्या कागदी पाकिटात आणि काही नुसत्याच गुंडाळून रबरबँड लावलेल्या. शिवाय मोठ्या चौकोनी निगेटिव्ह आहेत, त्या आजोबांच्या बॉक्स कॅमेऱ्यातल्या. मग अल्बम. त्यातला एक त्या चिकट पानांचा, वर पातळ प्लास्टिक असतं तसला, आणि त्यातले फोटो पानाला असे बसलेत की नख घालायलाही जागा नाही. एका डब्यातल्या पट्ट्यांना आंबूस वास येतोय, आणि काही निगेटिव्हवर पांढरट जाळीसारखं काहीतरी धरलंय.

आता विचारायचं हे की फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा की कॅमेऱ्यानेच फोटो काढावेत (माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा मिररलेस आहे, मॅक्रो लेन्स नाही), डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा) किती ठेवायचा, आणि ज्याची प्रिंट चांगली आहे त्याची निगेटिव्ह परत स्कॅन करायची गरज आहे का? आणि शेवटचं म्हणजे भाऊ म्हणतोय एकदा स्कॅन झालं की निगेटिव्ह टाकून दे, उगाच जागा अडवतात. मला ते अजिबात पटत नाहीये पण त्याला नीट कारण देता येत नाही.

डार्करूम:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. निगेटिव्ह टाकायच्या नाहीत. भावाला माझ्यातर्फे हात जोडून सांगा. फोटो म्हणजे खरं तर ती निगेटिव्हच, तुमच्या अल्बममधली प्रिंट ही तिच्यावरून कोणीतरी काढलेली नक्कल आहे, आणि लॅबच्या मशीनवर एका प्रिंटसाठी कोण किती वेळ देणार. निगेटिव्हमध्ये उजेडापासून सावलीपर्यंत जेवढं साठवलेलं असतं त्यातलं थोडंच कागदावर उतरतं. आमच्याकडे माझ्या आजोबांचा उन्हात उभे असतानाचा फोटो आहे, प्रिंटमध्ये त्यांचा पांढरा सदरा म्हणजे नुसता पांढरा डाग, गळा कुठे आणि बाही कुठे कळत नाही. त्याचीच निगेटिव्ह स्कॅन केली तर सदऱ्याच्या चुण्या दिसल्या, खिशाला लावलेलं पेन दिसलं, आणि खालचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे हेसुद्धा दिसलं. आजीला ते बटण आठवत होतं, तिनेच लावलेलं. हे त्या प्रिंटमधून कधीच मिळालं नसतं.

दुसरं कारण असं की आजचा स्कॅन हा शेवटचा स्कॅन नाही. २००० सालाच्या आसपास ज्यांनी स्कॅन करून सीडीवर ठेवले त्यांच्या फाइली आज मोठ्या स्क्रीनवर बघवत नाहीत, पण निगेटिव्ह ज्यांनी ठेवल्या त्यांना परत करता येतंय. म्हणून प्रिंट कितीही चांगली असली तरी निगेटिव्ह असेल तर निगेटिव्हच स्कॅन करा. त्यातून रंगीत प्रिंट असेल तर आणखीच, कारण १९७० च्या दशकातल्या बऱ्याच कलर पेपरवरचा निळसर डाय, म्हणजे रंगद्रव्य, अंधारात अल्बम बंद असतानाही उडतो आणि सगळे चेहरे लालसर होतात. रंगीत निगेटिव्हचेही रंग उडतात, नाही असं नाही, पण पुष्कळदा त्यातून प्रिंटपेक्षा बरं काहीतरी मिळतं.

आता तो आंबूस वास. त्याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो, तो दमट आणि गरम हवेत मोडायला लागला की त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि तेच अ‍ॅसिड पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. हे उलटवता येत नाही, फक्त सावकाश करता येतं. पुढे फिल्म आकसते, वरचा थर सुटून त्याला वळ्या पडतात आणि मग ती सपाट करून स्कॅन करणं फार अवघड. त्यामुळे त्या डब्यातल्या पट्ट्या आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात नको, कागदी पाकिटात, हवा खेळेल अशा थंड जागी, आणि स्कॅनिंगची सुरुवात यांच्यापासूनच करा. लाडके फोटो नंतर.

रबरबँड आधी काढून टाका, रबरातलं गंधक कृष्णधवल फिल्ममधली चांदी खराब करतं. मोठ्या चौकोनी निगेटिव्हच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलंय का बघा. छापलेलं नसेल आणि त्या १९५० च्या आधीच्या असतील तर नायट्रेट फिल्म असू शकते, ती झटकन पेट घेते, त्यामुळे उष्णतेजवळ किंवा बंद डब्यात ठेवू नका आणि जाणकाराला दाखवा. आणि पट्ट्या कापून एकेक फ्रेम सुटी करायचा मोह अनेकांना होतो, तो टाळा, एकटी फ्रेम कुठल्याच होल्डरमध्ये नीट बसत नाही.

टेकाडावरून:
कॅमेरा आहेच तर कॅमेऱ्याने करा, मी तसंच करतो आणि साठा मोठा असेल तर वेगाच्या बाबतीत दुसरं काही जवळपासही येत नाही. फक्त मॅक्रो लेन्स लागेल, १:१ वाली म्हणजे फ्रेम सेन्सरवर खऱ्या आकारात उमटवणारी, जुनी मॅन्युअल फोकसची अ‍ॅडाप्टर लावून वापरली तरी उत्तम चालते. ३६ बाय २४ एमएमची फ्रेम तुमच्या २४ मेगापिक्सेलमध्ये पूर्ण भरली तर साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल मिळतात, हिशेबाने ४२०० डीपीआयच्या आसपास, घरगुती फिल्मसाठी हे पुरून उरतं.

खाली एलईडी लाइट पॅनल, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा घ्या नाहीतर त्वचेचे रंग विचित्र येतात. मोबाइल किंवा टॅबची स्क्रीन वापरायची असेल तर फिल्म तिच्यावर टेकवू नका, काही सेंटिमीटर वर उचलून धरा, नाहीतर स्क्रीनचे पिक्सेल फोटोत उतरतात. कॅमेरा कॉपी स्टँडवर खाली तोंड करून. आता फिल्म आणि सेन्सर समांतर आहेत का हे बघायला एक सोपी युक्ती, फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा, लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध आलं की काम झालं. हे जमलं नाही तर फोटोचा एक कोपरा कायम मऊ येत राहतो आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आणि फोकस चेहऱ्यावर नको, फिल्मच्या ग्रेनवर म्हणजे बारीक दाण्यांवर, पूर्ण झूम करून. खोलीतला दिवा बंद, आणि फ्रेमच्या बाहेरचा पॅनल काळ्या कागदाने झाका, नाहीतर बाजूचा उजेड घुसून काळे भाग धुरकट होतात.

पट्टीच्या कडेचे आकडे आणि अक्षरं सरळ वाचता येतात ना ते बघा. उलटी दिसली तर फोटोही आरशातल्यासारखा उलटा आलाय. मी तर कडेच्या आकड्यांसकट थोडं बाहेरपर्यंतचं घेतो, १२ए, १३ए असे फ्रेम नंबर हाताशी असले की रोलचा क्रम परत लावता येतो आणि कुठला फोटो कुठल्याच्या आधीचा हे वाद मिटतात.

चौकट:
टेकाडावरून यांचं सगळं बरोबर आहे पण फ्लॅटबेडला एवढ्यात बाद करू नका. पारिजातक यांच्याकडे प्रिंट पण आहेत आणि त्या मोठ्या चौकोनी निगेटिव्ह पण, आणि तिथे फ्लॅटबेड फार सोयीचा. ६ बाय ६ सेंटिमीटरची म्हणतात ती चौकोनी फ्रेम प्रत्यक्षात ५६ एमएमच्या आसपास असते, २४०० डीपीआयला तिचे ५३०० पिक्सेल होतात एका बाजूचे, आणखी काय हवंय. ३५ एमएमसाठी मात्र फ्लॅटबेड कमी पडतो हे मान्य. खोक्यावर ४८०० किंवा ६४०० लिहिलेलं असलं तरी खरा तपशील त्याहून बराच कमी मिळतो, आकडा वाढवला की फक्त फाइल फुगते. ३५ एमएमला समर्पित फिल्म स्कॅनर, म्हणजे प्लस्टेक ऑप्टिकफिल्म वगैरे, ते चांगले पण सावकाश चालतात.

एक गोष्ट घ्यायच्या आधी नक्की तपासा, स्कॅनरच्या झाकणात दिवा आहे का. ऑफिसातल्या साध्या स्कॅनरमध्ये नसतो, त्यावर निगेटिव्ह ठेवली तर काळा चौकोन येतो. एप्सन व्ही६०० सारख्यांमध्ये तो असतो आणि होल्डरही मिळतात.

आणि स्कॅनरचा मोठा फायदा म्हणजे इन्फ्रारेडने धूळ काढणं, डिजिटल आइस म्हणतात ते. रंगीत फिल्ममधले डाय इन्फ्रारेडला अडवत नाहीत पण धूळ आणि ओरखडे अडवतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला नेमकं कळतं की डाग कुठेय आणि तेवढीच जागा भरली जाते. तासन्‌तास क्लोन टूल घेऊन बसणं वाचतं. पण कृष्णधवलला हे चालवू नका! तिथे चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, मग सॉफ्टवेअर चेहऱ्यालाच धूळ समजतं. कॅमेऱ्यात ही सोय नाही, तिथे ब्लोअर आणि मऊ अँटिस्टॅटिक ब्रश, प्रत्येक पट्टीच्या आधी, दुसरा इलाज नाही.

प्रिंटसाठी ६०० डीपीआय. ४ बाय ६ इंची फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, त्याच्यापुढे कागदातच काही नसतं. अगदी छोट्या, निगेटिव्हच्याच आकाराच्या कॉन्टॅक्ट प्रिंट असतील तर १२०० ला करून बघा. ऑटो करेक्शन, शार्पनिंग सगळं बंद. आणि खरखरीत, जाळीदार कागदावरचे फोटो असतील तर त्यावर स्कॅनरचा उजेड चमकतो आणि सगळीकडे ठिपके येतात. ते एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून असे दोनदा स्कॅन करायचे आणि दोन्ही एकावर एक ठेवून सरासरी घ्यायची, बरीच जाळी पुसली जाते.

झटपट:
एवढं सगळं वाचून माणूस सुरुवातच करणार नाही असं मला मनापासून वाटतं. माझं मत सांगतो. फोनवर गुगलचं फोटोस्कॅन अ‍ॅप घ्या, ते चार कोपऱ्यांवरून फोटो घेऊन चकाकी काढून टाकतं, एका सुट्टीत सगळे अल्बम होतात आणि घरातल्या सगळ्यांना लगेच बघायला मिळतात. आई-वडील, मामा-मावशी यांना ते फोटो आज बघायचे आहेत, ४२०० डीपीआयची वाट बघत नाही कोणी.

डार्करूम:
झटपट, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धा. फोनने काढलेले फोटो ही यादी समजा. कुठल्या अल्बममध्ये काय आहे, कोणाचे फोटो जास्त, कुठले खराब होत चाललेत, हे एका नजरेत कळतं आणि मग नीट स्कॅन काय करायचं ते ठरवता येतं. त्या कामाला फोन उत्तम. मला भीती वाटते ती वेगळीच, एकदा फोनवर आले की घरात सगळ्यांना वाटतं 'झालं की डिजिटल' आणि डबा रद्दीत जातो. ते होऊ देऊ नका.

निळी शाई:
मी अल्बमबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. चिकट पानांचा अल्बम असेल तर फोटो उपटायला जाऊ नका, आधी अख्खं पान आहे तसं स्कॅन करा किंवा कॅमेऱ्याने घ्या. प्लास्टिक सहज उचललं जात असेल तर उचलून, नाहीतर प्लास्टिकसकट. म्हणजे पुढे काही फाटलं तरी हातात काहीतरी आहे, आणि कुठला फोटो कोणाच्या शेजारी लावलेला हेही राहतं. ती मांडणी कोणीतरी विचार करून केलेली असते. मग मेण न लावलेला डेंटल फ्लॉस घ्या, दोन्ही हातांत ताणून धरा, फोटोच्या कोपऱ्याखालून हळूहळू करवतीसारखा मागेपुढे सरकवत न्या, आणि फोटो अजिबात वर वाकवू नका, फ्लॉस पानाला चिकटून चालला पाहिजे. अडला तर तिथेच थांबा, दुसऱ्या बाजूने या. तरी सुटला नाही तर राहू द्या पानावर. पाणी, तेल, हेअर ड्रायर यातलं काही नको. फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो असतील तर ते काचेसकट स्कॅन करायचे, काच ओढली तर चेहरा काचेला जातो.

फोटोची मागची बाजू विसरू नका! प्रत्येक फोटोची पाठ उलटून बघा आणि काहीही लिहिलेलं असेल तर तीही स्कॅन करा, त्याच नावाने, शेवटी 'मागे' असं जोडून. लॅबचा शिक्का, महिना, कोणाच्या तरी अक्षरात 'बाळ ७ महिन्यांचं', हे सगळं पुराव्यासारखं उपयोगी पडतं. आणि नावं. फोटो राहतात पण त्यातली माणसं कोण हे सांगणारं कोणी राहत नाही, हे मी फार जवळून बघितलंय. टॅबवर फोटो लावून घरातल्या मोठ्यांसमोर बसा, रेकॉर्डर चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या, मध्ये मध्ये थांबवून 'हे कोण, हे कोण' करू नका, बोलता बोलता नावं आपोआप येतात. मग ती नावं आणि साल फोटोच्या फाइलमध्येच कॅप्शन म्हणून भरायची, डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे करता येतं. वेगळ्या वहीत लिहिलं तर वही एकीकडे आणि फोटो एकीकडे. साल नक्की माहीत नसेल तर अंदाजाचं आहे असं कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर वीस वर्षांनी तोच अंदाज खरा धरला जातो.

पारिजातक:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. डार्करूम काका, ते बटणाचं वाचून भावाला तुमचा प्रतिसादच पाठवला, आता तो स्वतःच विचारतोय की निगेटिव्ह ठेवायच्या कशात. वासाच्या पट्ट्या वेगळ्या केल्या. मोठ्या निगेटिव्हवर 'सेफ्टी' आहे. मॅक्रो लेन्स मित्राकडून आणली आणि काही पट्ट्या करून बघितल्या, कृष्णधवल अप्रतिम येतायत, पण रंगीत निगेटिव्हचे रंग संगणकावर उलटे (इन्व्हर्ट) केले की सगळं निळं-हिरवं, चेहरे आजारी दिसतात. आणि ती पांढरी जाळी पुसू का? ओल्या कापडाने थोडी निघेल असं वाटतंय.

डार्करूम:
ओलं कापड नको! आधी हे वाचा मग बाकीचं. जाळी म्हणजे बुरशी, ती फिल्मवरचं जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळतो, म्हणजे पुसायला जाल आणि फोटोच पुसला जाईल. त्या पट्ट्या कोरड्या जागी वेगळ्या ठेवा, आहे तशाच स्कॅन करा. नंतर साफ करायच्याच असतील तर ९८ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन, आधी चकचकीत बाजूला. मॅट बाजू म्हणजे चित्राची बाजू, तिथे बिनमहत्त्वाच्या फ्रेमवर करून बघितल्याशिवाय हात लावू नका. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या स्लीव्ह घ्या, पीव्हीसीच्या नकोत, त्यातून निघणारे वायू फिल्मला मारक असतात. गुंडाळलेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली काही दिवस ठेवल्या की बऱ्याचशा सरळ होतात, कडक होऊन तडकायला आल्या असतील तर मात्र जोर लावू नका.

टेकाडावरून:
रंगांचं मी सांगतो. रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते ना, तो नारिंगी थर मुद्दाम दिलेला असतो, डायमधले दोष भरून काढायला. नुसतं इन्व्हर्ट केलं की नारिंगीचं निळं होतं. म्हणून इन्व्हर्ट करायच्या आधी दोन फ्रेमच्या मधल्या रिकाम्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्यायचा, मग उलटवायचं, आणि लाल, हिरवा, निळा या तिन्हींचे काळे-पांढरे टोक वेगवेगळे जुळवायचे. हे हाताने करत बसू नका, डार्कटेबल या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे, फुकट आहे, लाइटरूम वापरत असाल तर निगेटिव्ह लॅब प्रोचं प्लगइन. एका रोलची एक फ्रेम नीट जमवा आणि तीच सेटिंग सगळ्या रोलला लावा, एक्स्पोजर मात्र कॅमेऱ्यात पूर्ण रोलभर एकच ठेवलेलं हवं, मॅन्युअल मोडवर.

चौकट:
फाइलींचं राहिलं. मूळ प्रत १६ बिट टिफ किंवा रॉ, ती कधीच बदलायची नाही, रंग-बिंग जे करायचं ते कॉपीवर. ४००० डीपीआयला ३५ एमएमची एक १६ बिट रंगीत टिफ १२८ एमबीच्या आसपास जाते, म्हणजे डिस्क मोठी घ्या, आणि एक नाही, दोन, शिवाय तिसरी प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाउडवर. कुटुंबाच्या ग्रुपवर द्यायला जेपेग करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं.

पारिजातक:
नेगाडॉक्टरने चेहरे माणसात आले! बुरशीच्या पट्ट्या आहेत तशाच करतेय. एक शेवटचं, वासाच्या पट्ट्यांपैकी दोन इतक्या वाकल्यात की होल्डरमध्ये बसतच नाहीत.

टेकाडावरून:
अँटी-न्यूटन काच मिळते, तिच्याखाली अलगद दाबून घ्या, साधी काच वापरली तर तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं येतात. काचेची खरखरीत बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला लागू दे. आणि दाबताना तडकेल असं वाटलं तर सोडून द्या, अ‍ॅपर्चर एफ ११ करा आणि वाकलेल्याच घ्या, जेवढं शार्प येईल तेवढं. पट्टी हातात मोडण्यापेक्षा ते बरं.